तंजावूर दुखतंय

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत कुणालाही विचारा, "सुंदरी डॉक्टर कुठं राहतात?" तो माणूस आधी तुमच्या कडेवर पोर आहे का ते बघेल आणि मग बोट दाखवील. दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. पाटी उतरली, खालच्या खोलीत आता झोपाळा आला, जुन्या मासिकांचे गठ्ठे आले. पण लोकांना कोण सांगणार! अजूनही एखादी आई पोराला घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, "डॉक्टर-अम्मा, एकदा नुसता पोटावर हात ठेवा." बाई आधी खेकसतात, "बोर्ड दिसतो का कुठं? डोळे आहेत ना?" आणि मग आत घेतात.

पूर्ण नाव त्रिपुरसुंदरी. तंजावूरकडची मराठी माणसं ही. घरात बोलायची ती तिकडची जुनी मराठी, तमिळच्या चालीवर हेलकावे खाणारी. पुण्याकडचा माणूस ऐकून पहिल्यांदा हसतो, मग दोन वाक्यांनी आपोआप गप्प बसून कान देतो. बाईंना त्याचं काही वाटत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की पोर रडतं ते सगळ्या भाषांत एकसारखं, आणि डॉक्टरला तेवढी एक भाषा आली की पुरे.

पोटाचं दुखणं हा तर त्यांचा हातखंडा. अंगावर पिणारं तान्हं असलं की पहिला प्रश्न ठरलेला: ओकारीचा रंग कसला? पांढरी, दह्यासारखी असली तर बसा, बोलू. हिरवी असली तर बाई पुढे अक्षर बोलत नसत, थेट रिक्षा बोलवायला सांगत. तान्हं पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग मलूल पडतं, मग पुन्हा किंचाळतं, असं कुणी सांगितलं की तेच. तिथं ओवा नाही, हिंग नाही, दृष्ट काढणं नाही. आधी मोठं हॉस्पिटल, मग तुमची मीठ-मोहरी.

जरा मोठ्या पोराची तऱ्हा वेगळी. बाई त्याच्यासमोर कधी उभ्या राहत नसत, खाली मांडी घालून बसत. गरम कॉफीच्या पेल्याभोवती हात धरून आधी तळवे ऊबदार करत, कारण गार हात लागला की निरोगी पोटही दगड होतं. मग म्हणत, "एका बोटानं दाखव, कुठं दुखतंय?" पोरानं बेंबीवर बोट ठेवलं की त्यांचा जीव थोडा खाली पडे. बोट बेंबीपासून जितकं लांब, तितकी बाईंची भुवई वर. जिथं दुखतं तिथून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून हात लावायला सुरुवात करत, आणि बघत असत ते पोटाकडे नाही, तोंडाकडे. पोट खोटं बोलेल, पोरही बोलेल, पण दाबल्याबरोबर कपाळावर उमटणारी आठी खोटी नसते.

आणि शेवटी पांडी. लंगडी घालत खेळायचा तो चौकटींचा खेळ आपल्याकडे पोरी खेळतात ना, त्याला तिकडे पांडी म्हणतात. दवाखान्याच्या तांबड्या फरशीवर बाईंनी पांढऱ्या रंगानं त्या चौकटी कायमच्या आखून घेतल्या होत्या. आत दुखणं पेटलेलं असलं की एका पायावर उडी मारवत नाही. पोर हसत पार गेलं की बाई आईला म्हणत, "ने घरी. काही झालेलं नाही." पण त्यातही एक मेख होती. दुखरं पोट एकदा बघून भागत नाही, त्याच दिवशी पुन्हा बघायचं. "पोट सकाळी एक बोलतं, दुपारी दुसरंच," असं त्या आयांना बजावत, आणि आया मुकाट्यानं दुपारी परत येत.

एवढं सगळं ज्यांनी जन्मभर केलं त्या बाईंची गोष्ट आहे ही. म्हणून तर सांगायची.

आता 'तंजावूर दुखतंय' म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्रिपुरसुंदरी आठ वर्षांची असताना तिच्या अप्पांना नुंगंबाक्कमच्या एका कचेरीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड तंजावूरहून इथं आलं. तेव्हा हे मद्रास होतं. पोरीला काही म्हणजे काही आवडेना. इथलं पाणी खारट, इथली पोरं तिच्या मराठीला हसायची, इथं देवळातला हत्ती ओळख दाखवत नव्हता. तंजावूरला शाळेतून येताना हत्तीच्या सोंडेवर हात ठेवल्याशिवाय ती घरी गेली नव्हती कधी. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. ओव्याचा अर्क झाला, एरंडेल झालं, अंगारा झाला. शेवटी अप्पांनी शेजारच्या गल्लीतले रामस्वामी डॉक्टर बोलावले. उंच, काळेसावळे, हातात छत्री. त्यांनी तळवे एकमेकांवर चोळले, पोटावर हात ठेवला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि अप्पांना म्हणाले, "इवळुक्कु तंजावूर वलिक्कुदु." हिला तंजावूर दुखतंय!

सगळं घर हसलं. पोंगलच्या सुट्टीत पोरीला तंजावूरला पाठवलं आणि दुखणं सुंठीवाचून गेलं. पण पोरीच्या मनात ते वाक्य जे रुतलं ते रुतलंच. आपल्या आत काय चाललंय ते एका माणसानं नुसत्या हातानं ओळखलं, याचं तिला केवढं नवल! बाई डॉक्टर झाल्या त्या वाक्यापायी. पुढं घराण्यात ते चलनी नाणं होऊन बसलं. धाकटा भाऊ सेतुमाधव हॉस्टेलवर रडला, तंजावूर दुखतंय. त्याची लेक रंजनी लग्नानंतर माप्पिळ्ळैच्या, म्हणजे नवऱ्याच्या घरी जायला निघाली, तिलाही तेच. कुणी उदास बसला की दुसऱ्यानं डोळे मिचकावून तेवढं म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं. बाईंनी ती गोष्ट किती जणांना सांगितली असेल याला गणतीच नाही.

तर या रंजनीचा मुलगा शहाजी. दुसरीतलं पोर, सडपातळ, पुढचा एक दात पडलेला. बाप विजयेंद्र चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात लागला म्हणून जूनमध्ये हे तिघं तंजावूर सोडून आवडीच्या क्वार्टर्समध्ये आले. आणि दर सोमवारी शाळेच्या वेळेला शहाजीच्या पोटात दुखू लागलं. इतिहास आपली वही पुन्हा पहिल्या पानापासून लिहीत होता म्हणा ना!

जुलैत रंजनीनं त्याला आणलं तेव्हा बाईंनी काही कसर ठेवली नव्हती. वजन केलं. रात्री दुखून उठतो का ते विचारलं, नाही. ताप, उलटी, शौचाला रक्त, काही नाही. रविवारी दुखतं का? कधीच नाही. बोट बरोबर बेंबीवर. पांडी तर असली खेळला की आईलाच दम लागला. बाई हसल्या, त्याला मांडीवर ओढून म्हणाल्या, "बेस! माझं पोर शोभतोस. तंजावूर दुखतंय याला." औषध एवढंच दिलं की दर रविवारी आवडीहून गाडी धरायची आणि बाईंकडे, म्हणजे त्याच्या या आजीकडे यायचं, मराठी बोलायचं, डांगर पच्चडी खायची, तंजावूरच्या गोष्टी ऐकायच्या. लागू पडलं की औषध! दोन महिन्यांत सोमवार शांत झाले. बाईंनाही रविवारची वाट बघायची सवय लागली. एकट्या घरात पोराचा पाय वाजला की बरं वाटतं, आणि या पोराला गोष्टी सांगताना त्यांना स्वतःलाच हत्ती दिसायचा, तळं दिसायचं, दुपारच्या उन्हात वाळत घातलेले वडे-पापड दिसायचे.

त्या रविवारी रंजनी आली ती जरा वैतागलेलीच. उंबऱ्यातूनच म्हणाली, "आत्या, तुमचं तंजावूर परत आलंय. कालच्या सांजेपासून पोट दुखतं, वयर दुखतं चाललंय. गाडीत उलटी काढली. कपडे बदलून आणलंय त्याला."

"गाडी लागली असेल," बाई म्हणाल्या. कॉफीचा पेला हातात होताच. तळवे गरम झाले, मांडी घातली, पोराला जवळ घेतलं. "दाखव बघू कण्णा, एका बोटानं."

शहाजीनं बेंबीवर बोट ठेवलं.

बाईंनी हात फिरवला. पोट मऊ. अंग किंचित कोमट वाटलं, पण चेन्नईत गाडीतून आलेलं पोर कोमट नसेल तर काय गार असेल? "पांडी?" त्यांनी विचारलं. शहाजी उठला आणि चौकटींतून गेला. नेहमीसारखं दोनदा नाही, एकदाच गेला, आणि परत येऊन झोपाळ्यावर आडवा झाला. पण गेला की नाही? गेला.

"झालं!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "पोरगं आमचं जुनं दुखणं पुन्हा काढून बसलंय. काय रे, शाळेत काही झालं? कुणी हसलं तुझ्या बोलण्याला?"

शहाजीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणी बघितलं नाही, कारण रंजनी हसत होती आणि बाईही हसत होत्या. तेवढ्यात तंजावूरहून रंजनीच्या सासूबाईंचा फोन आला. फोनवर त्याही हसल्या, आणि म्हणाल्या की पोटात काही अडकलं असेल, चमचाभर एरंडेल पाज. रंजनीनं बाईंकडे पाहिलं.

"दुखत्या पोटाला जुलाब?" बाई ताडकन म्हणाल्या. "माझ्या घरात नाही. सांग त्यांना."

बघा, हात तयार होता, जीभ तयार होती. फक्त रात्री उठला होता का, हे विचारायचं राहिलं. जुलैत विचारलं होतं, आज राहिलं. ओळखीच्या घरात शिरताना आपण दार वाजवत नाही, तसंच झालं ते.

जेवायला डांगर पच्चडी होती. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. शहाजी इतर वेळी ताट चाटायचा. आज बोटानं थोडी जिभेला लावली आणि ताट सरकवलं. "नोको," म्हणाला.

"अप्पळाम तरी घे," बाईंनी पापड पुढे केला.

"नोको."

"नखरे बघा," रंजनी म्हणाली. "आत्या, चारची गाडी धरते आज. उद्या शाळा आहे, ह्याला लवकर निजवते. आता अर्धा तास पडते जरा, काल रात्री झोपच नाही मिळाली."

ती आत जाऊन पडली. बाहेर गल्लीत दुपारची सामसूम झाली. समोरच्या मॅन्शनच्या कठड्यावर बॅचलर पोरांच्या लुंग्या वाऱ्यावर फडफडत होत्या, समुद्राकडून वारा सुटला होता. शहाजी झोपाळ्यावर उजव्या कुशीला पडून होता. बाई शेजारी खुर्चीत बसल्या. त्यांच्या आवडीची वेळ ही. पोर शांत, घर शांत, आणि तंजावूर हाकेच्या अंतरावर.

"गोष्ट सांगू?"

"रामस्वामी डॉक्टरांची," शहाजी म्हणाला.

बाई सुखावल्या. म्हणजे हो, अगदी आतून सुखावल्या! खारट पाण्यापासून सुरुवात केली. हसणारी पोरं आली, ओळख न देणारा हत्ती आला, ओवा आला, अंगारा आला. छत्री घेऊन रामस्वामी आले. तळवे चोळले. पोटावर हात ठेवला. "आणि मग म्हणाले काय..."

"आजी," शहाजी मधेच म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "त्यांनी एकदाच हात लावला? त्यांना लगेच कसं कळलं, तुला खरंच दुखत नाही ते?"

"अरे, मोठे डॉक्टर ते. एकदा हात लावला की..." बाई बोलता बोलता थांबल्या.

एकदा?

पडवीतला कंदील आठवला त्यांना. रामस्वामी कंदिलाच्या उजेडात उभे होते ते वाक्य बोलताना. अम्मानं त्यांच्यासाठी सांजेची कॉफी आणली होती. मग सकाळचं काय? सकाळी शाळेच्या वेळी तिच्या पोटात दुखत होतं म्हणून तर अप्पा त्यांना आणायला गेले होते. म्हणजे ते सकाळीही आले होते! सकाळी त्यांनी हात लावला होता, जीभ बघितली होती, आणि काहीएक न बोलता छत्री उचलली होती. अम्मानं दारात विचारलं होतं, काय झालंय पोरीला? आणि ते म्हणाले होते, सांजेला येतो, तोवर पोटात काही घालू नका. मग ते खरोखर आले. दिवसभराचे रोगी संपवून, चिखलातून, पुन्हा आले. पुन्हा तळवे चोळले, पुन्हा हात लावला, तिला फाटकापर्यंत पळत जाऊन यायला लावलं. आणि मगच म्हणाले.

सांगून सांगून बाईंनी गोष्टीतली सकाळ झिजवून टाकली होती. हसू येईल तेवढं ठेवलं होतं, बाकी वर्षानुवर्षं गाळलं होतं.

"शहाजी," त्या म्हणाल्या. खुर्चीतून खाली बसायला त्यांना हल्ली वेळ लागतो, पण बसल्या. "इकडे बघ माझ्याकडे. एका बोटानं दाखव रे. आत्ता कुठं दुखतंय?"

शहाजीनं हात वर आणला. बोट बेंबीवर गेलं नाही. ते खाली उजवीकडे गेलं, कमरेच्या हाडाच्या आत, आणि तिथंच राहिलं. उजवा गुडघा त्यानं पोटाशी ओढून धरला होता. इतका वेळ बाई बघत होत्या तो गुडघा, आणि त्यांना वाटत होतं पोर आरामात पडलंय!

"रंजनी!" बाई ओरडल्या. पण ती येईपर्यंत थांबल्या नाहीत. कॉफीचा पेला गार होता, तळवे पदरावर घासले. पोराचाच हात त्याच्या पोटावर ठेवला, वर आपला ठेवला. डावीकडून, वरून, लांबून सुरुवात केली. डोळे त्याच्या कपाळावर. हात उजवीकडे खाली आला आणि पोट आपसूक आवळलं, कपाळाला आठी पडली. बाईंनी चड्डीची नाडी सैल करून खाली पाहिलं. मुलग्याच्या पोटाची तक्रार असली की तिथं बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, पोरं लाजेनं ते सांगत नाहीत. तिथं सगळं ठीक होतं.

"उठवेल का बाळा? पांडीची एकच चौकट."

शहाजी वाकलेलाच उठला. पहिल्या चौकटीपाशी जाऊन त्यानं एक पाय उचलला. चौकटीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि पाय पुन्हा खाली ठेवला.

"आजी, नोको."

रंजनी दारात उभी होती, केस विस्कटलेले. बाईंनी मान न वळवता विचारलं, "रात्री उठला होता?"

"दोन-तीनदा उठला. पाणी मागत होता. का, आत्या?"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही," रंजनी म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा झाला. "तुम्हीच तर म्हणालात की तंजावूर..."

"म्हणाले. चुकले. अपेंडिक्स आहे गं. ऑटो आण. पाण्याचा थेंब द्यायचा नाही त्याला आता. विजयेंद्रला फोन कर, म्हणावं इकडे नको, सरळ हॉस्पिटलात ये."

रंजनी अनवाणीच धावली. बाईंनी पोराला पुन्हा आडवं केलं.

"इकडे कधीपासून दुखतंय रे?"

"जेवायच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाहीस, सोन्या?"

शहाजीनं छताकडे पाहिलं. "सांगितलं की तुम्ही सगळे हसता," तो म्हणाला.

बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ऑटोचा आवाज येईपर्यंत केसांतून हात फिरवत बसल्या. चारची गाडी! ही दोघं चारच्या गाडीनं जाणार होती. आवडीला पोचून पोर निजलं असतं, आईला वाटलं असतं दमलंय, आणि सकाळी शाळेच्या वेळेला पुन्हा पोट दुखतंय म्हणालं असतं तर पुन्हा सगळे हसले असते. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण पोरांना सांगतो. इथं पोरानं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. खोटं होतं ते ऐकणाऱ्यांच्या कानात.

हॉस्पिटलात लावण्या नावाची तरुण सर्जन होती. तिनं ऐकलं, हात लावला, सोनोग्राफी केली. तिच्यासमोर बाईंनी स्वतःला पाठीशी घातलं नाही. सकाळी दहाला बघितलं तेव्हा मऊ होतं आणि मी तिथंच थांबले, असं स्पष्ट सांगितलं.

"मॅम, सकाळी मलाही मऊच लागलं असतं," लावण्या म्हणाली.

"लागलं असतं. पण तू पुन्हा बघितलं असतंस."

लावण्यानं कागदावर सही घेतली आणि पोराला आत नेलं. विजयेंद्र धापा टाकत आला तोवर दार बंद झालं होतं. बाहेरच्या बाकावर तिघं बसली. रंजनीनं एक शब्द बोलून दाखवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तिनं आत्याचा हात नुसता घट्ट धरून ठेवला. बाई सगळा वेळ एकच गोष्ट मागत होत्या. देवाकडे मागत होत्या की रामस्वामींकडे, ते त्यांचं त्यांनाच माहीत. दार उघडलं आणि लावण्या मास्क खाली ओढत बाहेर आली.

"चांगलंच सुजलं होतं, पण फुटलं नव्हतं," ती म्हणाली. "वेळेत आणलंत."

विजयेंद्र तिथल्या तिथं खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बाई रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा शहाजी जागा होता. रंजनी तोंड धुवायला गेली होती. बाई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या, पहाटेपासूनच.

"दुखतंय?"

"इथं." त्यानं पट्टीकडे बोट दाखवलं. "थोडंसंच."

"ते टाक्यांचं. बरं होईल."

सोमवार होता. खाली रस्त्यावरून शाळेच्या बसचे हॉर्न ऐकू येत होते. शहाजीनं बाईंकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा बाईंकडे. मग हळूच हात सरकवला आणि पट्टीच्या वर, छातीच्या जरा खाली एक बोट टेकवलं.

"आजी, इथं तंजावूर दुखतंय," तो म्हणाला. "हसू नको."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तळवे एकमेकांवर चोळले, बराच वेळ चोळले, आणि त्याचं बोट होतं बरोबर तिथं आपला हात ठेवला.

"रामस्वामी डॉक्टर आले आणि तुझं थांबलं ना?" त्यानं विचारलं. "माझं कधी थांबेल?"

थांबेल रे लवकर, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. जन्मभर पोरांना सांगत आल्या होत्या त्या तसं.

"माझं अजून थांबलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी दुपारी परत येते. तेव्हा पुन्हा बघू."